ही कोण बाई?

गेल्या वर्षी श्रावणात माझी आज्जी गेली, तेव्हा मी या रकान्यात तिच्यावर काही लिहिलं नाही. संपादकांनी विचारलं होतं. "पुढच्या महिन्यात देतो" म्हणालो आणि मग दर महिन्याला दुसरंच काहीतरी देत राहिलो. मुलांचा मोबाइल, चिगरी बसमधली गर्दी, घरून काम करणाऱ्यांची पाठदुखी. आता वर्षश्राद्ध पंधरा दिवसांवर आलंय. न लिहिण्याचं कारण दुःख होतं असं म्हणता आलं असतं, पण ते खरं नाही. कारण होतं लाज, आणि ती एका फोटोची.

आज्जी गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, "तुला कॉम्प्युटर येतो, फोटोचं तू बघ." आमच्या घरात कॉम्प्युटर येतो म्हणजे मिक्सर दुरुस्त करण्यापासून पंचांग बघण्यापर्यंत सगळं येतं. मी रात्री बसून सगळ्यांच्या मोबाइलमधले तिचे फोटो गोळा केले. चारशेच्या वर निघाले. त्यातल्या एकातही ती गप्प बसलेली नाही. कुठे जीभ बाहेर काढलीय, कुठे हसून डोळे मिटलेत, कुठे शेजारच्या बाईच्या मांडीवर थाप मारलीय आणि त्यामुळे फोटो हललाय. त्यातल्या त्यात बरा होता तो चुलतबहिणीच्या लग्नातला. नवी इरकली साडी, नाकात नथ आणि तोंड सताड उघडं. वरचा पुढचा एक दात नाही.

या फोटोला हार घालायचा, लोक येऊन नमस्कार करणार. मला ते बरं दिसेना. हल्ली यासाठी अॅप असतात. मी तिचे ओठ मिटवले. एक हलकं स्मित ठेवलं. हनुवटीखालच्या सुरकुत्या कमी केल्या, घसरलेला पदर खांद्यावर नेला. चार मिनिटांचं काम. सकाळी प्रिंट काढून फ्रेम करून आणली. सगळ्यांना आवडली. "किती शांत, सात्त्विक दिसतायत," असं तिघीचौघी तरी म्हणाल्या.

आजोबांनी चष्मा लावला, जवळ जाऊन बघितलं आणि विचारलं, "ही कोण बाई?"

अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस, बासष्ट-त्रेसष्ट वर्षांचा संसार नुकताच संपलेला. आम्हाला वाटलं, धक्का बसलाय. आत्या म्हणाली, "बाबा, आई आहे ती." आजोबा "नाही" म्हणाले आणि आत जाऊन पडले.

पेपरातला मजकूरही मीच केला होता. केला म्हणजे काय, जुन्या एका मजकुरात नाव, वय आणि गाव बदललं. शांत, सोशीक, कष्टाळू, धर्मपरायण. त्यातलं कष्टाळू तेवढं खरं होतं.

आता ती खरी कशी होती ते लिहितो.

आज्जी मिरजेची, जन्म १९४१ चा. तेव्हा मिरज हे संस्थान होतं. ते १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि पुढच्याच वर्षी लग्न होऊन ती धारवाडला मालमड्डीत आली. म्हणजे म्हैसूर राज्यात. आपलं धारवाड १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होतं, म्हणून तर इथे आपली इतकी जुनी घरं आहेत. मग १९७३ मध्ये म्हैसूरचं कर्नाटक झालं. आज्जी हे बोटांवर मोजून दाखवायची आणि म्हणायची, "पाच राज्यं पाहिली बघ, आणि तिकीट काढलं एकदाच, मिरज ते धारवाड."

साठ वर्षं इथे राहून तिचं कन्नड कधीच सुधारलं नाही. तिला त्याचं काही वाटतही नसे. बेंद्र्यांची घरची भाषा मराठी, आणि त्यांनी कन्नडमध्ये कविता लिहून ज्ञानपीठ मिळवलं, हे कुणी तिला ऐकवलं की ती म्हणायची, "त्यांना नुसत्या कविता लिहायच्या होत्या, मला मेथीच्या पेंडीचा भाव करायचाय." तिचा खास गोंधळ आदरार्थी रूपांचा. एकदा पाणीपट्टीचे साहेब दारात आले. "बर्री, कूड्री" म्हणायचं, तर ही म्हणाली, "बारो, कूडो!" म्हणजे "ये रे, बस रे." साहेब पन्नाशीचे. आजोबा घामाघूम. साहेब मात्र बसले, तिने दिलेलं गिरमिट खाल्लं आणि जाताना म्हणाले, आई गेल्यापासून मला असं कुणी बोलावलं नव्हतं. ती चूक होती की तिने मुद्दाम केलं, यावर आमच्या घरात अजून दोन पक्ष आहेत. मी दुसऱ्या पक्षातला.

दाताची गोष्ट अशी. आज्जी सत्त्याहत्तर वर्षांची असताना संक्रांतीला नातवंडांशी ऊस सोलायची पैज लागली. दातांनी सोलायचा. ती जिंकली आणि दात गेला. डेंटिस्टकडे चल म्हटलं तर नाही. कारण त्या फटीतून तिला हुबेहूब कुकरच्या शिट्टीसारखा आवाज काढता येऊ लागला होता. तीन शिट्ट्या झाल्या की आई गॅस बंद करायला धावायची, आणि बघते तर कुकर नुकताच चढवलेला.

पत्त्यांत ती लबाडी करायची. बदाम सात खेळताना सत्ती दाबून ठेवणं हा तिला हक्कच वाटायचा. पैशांऐवजी शेंगा लावायच्या, आणि बँक तिच्याकडे. डाव संपेपर्यंत बँकेने निम्म्या शेंगा खाल्लेल्या असायच्या.

२०२३ च्या मार्चमध्ये हुबळीच्या स्टेशनवरच्या लांबलचक फलाटाचं उद्घाटन झालं. १,५०७ मीटर, जगातला सर्वांत लांब. आज्जीने पेपरात वाचलं आणि हट्ट धरला. तेव्हा तिचे गुडघे गेलेले, वय ८२. मी व्हीलचेअर मिळवली, दोन प्लॅटफॉर्म तिकिटं काढली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ढकलत नेली. ऊन मी म्हणत होतं. वाटेत भेटेल त्याला ती सांगत होती की कुठे जायचं नाहीये, नुसता फलाट बघायचाय. शेवटच्या टोकाला पोचल्यावर म्हणाली, "झकास आहे. यमाला सांगून ठेवते, मला न्यायला इथेच ये. मी कुठे बसलेय ते शोधेपर्यंत त्याची गाडी सुटेल."

तसं काही झालं नाही. पुढे दीड-दोन वर्षांनी आजारपण आलं आणि ती तीन आठवड्यांत गेली. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, काय मजेची बाई. होतीच. पण आईला मी हे वाचून दाखवलं तेव्हा ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "ती शिट्टी मला कधीच आवडली नाही." आई तेव्हा कॉलेजात शिकवायची, घरी येऊन परत कामाला लागायची, पाय दुखत असायचे. पाहुण्यांसमोर आज्जी तिच्या पोळ्यांच्या आकारावरून नकाशे ओळखायची: हा श्रीलंका, हा ऑस्ट्रेलिया. सगळे हसायचे, आईही हसायची, आणि रात्री बाबांवर चिडायची. विनोद करणाऱ्या माणसाच्या घरात कुणाला तरी तो विनोद व्हावं लागतं, आणि आमच्याकडे ते बहुतेक वेळा सुनेला व्हावं लागलं. हे लिहिलं नाही तर मी दुसऱ्यांदा फोटो सुधारल्यासारखं होईल. तरी हेही सांगतो की आई आजही कुकरची शिट्टी झाली की आधी आज्जीच्या खुर्चीकडे बघते आणि मग गॅसकडे.

आता आजोबांचं. फोटो लावल्यानंतर आजोबा पुढच्या खोलीत बसेनासे झाले. मागच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसायचे. एका संध्याकाळी मी चहा घेऊन गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "तू कधी कुंदगोळला गेलायस का?"

कुंदगोळ आपल्या हुबळीपासून जवळच, रेल्वेने अर्ध्यापाऊण तासावर. सवाई गंधर्वांचं गाव. गंगूबाई हनगल शिकायला हुबळीहून गाडीने तिथे जायच्या. भीमसेन जोशीही तिथेच शिकले. सवाई गंधर्व १९५२ मध्ये वारले आणि त्यानंतर त्यांच्या पुण्यतिथीला नाडगीरांच्या वाड्यात रात्रभर गाणं होऊ लागलं. आजोबांना गाण्याचं वेड. लग्नानंतर तीन-चार वर्षांनी ते आज्जीला पहिल्यांदा तिथे घेऊन गेले.

गंगूबाईंशी आज्जीची ओळख त्याआधीची, रेडिओवरची. धारवाडचं आकाशवाणी केंद्र १९५० चं, आणि आमच्या पणजीकडे रेडिओ होता. नवी सून एकदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "हे बुवा काय खणखणीत गातात हो!" पणजी म्हणाली, "बुवा नव्हे गं, आपल्या गंगूबाई. मिरजेची ना तू, तंतुवाद्यांच्या गावची?" गंगूबाईंचा आवाज आधी बारीक होता. घशाच्या दुखण्यावर उपचार झाले आणि तो असा भरदार, पुरुषी झाला. त्यांच्या सुरुवातीच्या रेकॉर्डी ऐकल्या तर ती बाई वेगळीच वाटते. तर आज्जीला आपल्याच चुकीचं इतकं हसू आलं की पणजोबा देवघरातून बाहेर आले. नव्या सुनेने एवढ्या मोठ्याने हसायचं नाही, असं तिला त्या दिवशी पहिल्यांदा सांगण्यात आलं.

तर कुंदगोळ. मध्यरात्र उलटलेली, विलंबित ख्याल चाललेला, आणि पुढे बसलेला एक जाडजूड गृहस्थ पेंगत होता. त्याचं डोकं हळूहळू खाली यायचं आणि बरोबर समेवर छातीला टेकायचं. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा आज्जी फुटली. सगळी बैठक वळून बघायला लागली. आजोबा तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीसचे, शेजारी त्यांच्या ऑफिसातले साहेब बसलेले. ते तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "तोंड मीट."

सकाळच्या गाडीने परत येताना आज्जी एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर मात्र बोलू लागली, पण कुजबुजत आणि तोंडावर पदर धरून. "भात वाढू?" कुजबुजत. "धोब्याचे पैसे द्यायचेत," कुजबुजत. पणजीला वाटलं, घसा बसला, म्हणून हळद-दूध दिलं. तेही तिने पदराआडून प्यायलं. चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी आजोबा लाइन बाजारातून पेढे घेऊन आले, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "हस बाई. चुकलो."

हे सांगताना आजोबा हसत होते. मग चहा निवत ठेवून म्हणाले, "जन्मात एकदा मी तिचं तोंड मिटवलं, तर चार दिवस घरात राहवेना. तू कायमचं मिटवलंस आणि काचेत घालून भिंतीवर टांगलंस."

रागावून नाही म्हणाले. म्हणून जास्त लागलं.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्या धंद्यात मूळ फाइल कधी पुसत नाहीत, त्यामुळे खरा फोटो होताच. पण मला प्रश्न वेगळा पडला होता. माझ्या हातून ते इतक्या सहज कसं झालं? कुणी सांगितलं नव्हतं. मेलेली आजी म्हणजे शांत आणि सोशीक, हे माझ्या डोक्यात आधीच भरलेलं होतं. अॅपने फक्त हात हलवले.

गंगूबाई २१ जुलै २००९ ला हुबळीत गेल्या, वयाच्या ९७ व्या वर्षी. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. पेपर पानं भरभरून आले: किराणा घराणं, पद्मविभूषण, नेत्रदान. आज्जीने चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाली, "थट्टेखोर होती, ते कुणी लिहिलं नाही वाटतं." गंगूबाईंचं एक बोलणं तिला फार आवडायचं. पुरुष मोठा गायक झाला की मुसलमान असेल तर उस्ताद होतो, हिंदू असेल तर पंडित, पण केसरबाई आणि मोगूबाई शेवटपर्यंत बाईच राहतात, अशा अर्थाचं. आज्जीने त्याचा उपयोग घरात केला. आजोबांनी वर्षातून एकदा चहा केला की ती ओरडायची, "या, पंडितजी आले!" आणि स्वतःकडे बोट दाखवून, "ही आपली चहावाली बाई."

गंगूबाईंच्या हुबळीतल्या 'गंगालहरी' या घरात आता संग्रहालय आहे. तुमच्यापैकी बरेच जण शाळेच्या सहलीला गेले असतील. मी आज्जीला नेलं होतं. बाईंच्या लहानपणची एक गोष्ट त्या स्वतः सांगायच्या. धारवाडच्या शुक्रवारपेठेत राहताना त्या शेजारच्या बागेतले आंबे चोरायच्या. बागवाले रागावले ते चोरीबद्दल नाही, तर गाणारणीची पोर आमच्या आवारात शिरलीच कशी म्हणून. पुढे नाव झाल्यावर त्याच लोकांनी त्यांना मानाने घरी बोलावलं. त्या दिवशी मी ही गोष्ट सांगितल्यावर सोबतच्या सगळ्या गंभीर झाल्या, कुणी चुकचुकलं. आज्जीने विचारलं, "आंबा हाताला लागला का पण?"

मी तेव्हा चिडलो होतो. सगळ्याचीच कशी थट्टा करतेस, असं काहीतरी म्हणालोही. ती उत्तर न देता तंबोऱ्यांकडे बघत राहिली. आता वाटतं, सगळे जण त्या मुलीला झालेला अपमान मोजत होते. आज्जी त्या मुलीच्या बाजूने झाडावर चढली होती.

घरात तिचं एकच पुस्तक वाचून वाचून सुटं झालंय. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. तुम्ही वाचलं नसेल तर वाचा. शाळेत एखादा धडा होता म्हणून टाळू नका. सोवळ्याओवळ्याचा जाच, नवऱ्याचं धर्मांतर, ताटातूट, प्लेग, असं सगळं आयुष्यात येऊनही ती बाई पानोपानी हसवते, आणि पहिली थट्टा स्वतःची करते. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये गेल्या तेव्हा पुस्तक अपुरं होतं. शेवटचा भाग त्यांच्या मुलाने, देवदत्त टिळकांनी पुरा केला. पूर्वी मी ते पान उलटून पुढे जायचो. गेलं वर्षभर मी त्या मुलाचा विचार करतोय. आईच्या हसण्यानंतरची पानं आपल्या अक्षरात लिहायची म्हणजे काय, ते मला एका फोटोवरून थोडंसं कळलं. लक्ष्मीबाईंनी निदान आपलं आपण लिहून ठेवलं होतं. आमच्या आज्जीने ठेवली ती फक्त वाण्याची यादी. त्यात शेवटी 'चॉकलेट (माझ्यासाठी)' असं असायचं.

आणि हो, एक अकरा मिनिटांचा आवाज आहे. मोबाइलवर निरोप पाठवायला मी तिला शिकवलं होतं. एकदा तिने बटण दाबलं, ते तसंच अडकलं आणि मोबाइल पत्त्यांच्या डब्याशेजारी राहिला. अकरा मिनिटं बदाम सात. पत्ते पिसल्याचा आवाज, शेंगा फोडल्याचा आवाज, माझी लेक "पणजी, तू सत्ती लपवलीस!" म्हणून ओरडते आणि आज्जी शपथेवर नाही म्हणते. शेवटी एक कुकरची शिट्टी आणि लांबून आईचे धावत आल्याचे पाय. तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो, चिडून उत्तर पाठवलं होतं, "काम असेल तेव्हाच पाठव." ते उत्तरही अजून तिथेच आहे, बरोबर त्या निरोपाच्या खाली.

आजोबांना मी तो आवाज ऐकवला. त्यांनी पूर्ण ऐकला. म्हणाले, "सत्ती पदराखाली आहे." मग म्हणाले, "परत लाव."

गेल्या रविवारी आम्ही फ्रेम उतरवली. मी सुधारलेला फोटो काढून खरा घातला. काका आधी नको म्हणत होते. गुरुजी काय म्हणतील, लोक काय म्हणतील. आत्या काही बोलली नाही, तिने काच पुसून दिली. आईला विचारलं, तर ती फोटोकडे बराच वेळ बघून म्हणाली, "लावा. मला माहितीये ती कशाला हसतेय." कशाला ते तिने सांगितलं नाही.

भिंतीवर लावल्यावर काकांनी हार घातला. शेवंतीचा होता, चांगला जाड, आणि तो बरोबर आज्जीच्या तोंडावर आला. आजोबा खुर्चीतून उठले, काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हातांनी हार दात पडलेल्या फटीच्या खाली सरकवला.